आधी भांडं, मग मेण

दोन अंकांपूर्वी मी या पानावर सहज एक वाक्य लिहून गेले होते: कान तुटलेले कप मी टाकत नाही, त्यांत मेणबत्ती ओतते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी माझ्या आजवरच्या सगळ्या लेखांवर मिळूनही आली नव्हती. म्हणून या वेळचं पान मेणाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं सहायक होते. बाईंनी प्रयोग दाखवायचा, मुलांनी नळ्या फोडायच्या आणि मी नोंदवहीत ‘फुटले – 1’ असं लिहायचं, असा तो संसार. काचेला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे मी पुस्तकातून कमी आणि केरभरणीतून जास्त शिकले.

जुन्या बाजारातून भांडी गोळा करायचा मला नाद आहे. दांडीचे पेले, नक्षीचा जाड काचेचा वाडगा, चिनी मातीची चहादाणी, पत्र्याचे डबे, एक लाकडी कटोरा असं बरंच साठलंय. यातल्या कशात मेणबत्ती करता येईल? – अडगळप्रेमी

तुमची यादी वाचताना वाडग्यापाशी माझी नजर अडकली, कारण तसाच एक वाडगा माझ्याकडे होता. बोटभर जाडीची काच, हिऱ्यासारखे पैलू. इतकी दणकट वस्तू, हिला काय होणार, असं म्हणून मी त्यात मेण ओतलं आणि संध्याकाळी वात पेटवून शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले. दीडेक तासानं ‘टक्’ असा आवाज आला. धावत गेले तर वाडगा दुभंगलेला, वितळलेलं मेण टेबलभर पसरलेलं आणि त्या थारोळ्यात वात आडवी पडून जळते आहे. हाताशी स्टीलचं ताट होतं, ते वर उपडं घातलं म्हणून निभावलं. नंतर तुकडे जुळवून पाहिले, तर बुडाला चिकटवलेल्या जुन्या लेबलाखाली केसासारखा तडा निघाला. लेबल सोडवून बघायचा मी आळस केला होता.

दुसरी चूक म्हणजे जाडीवर विश्वास टाकला. आमच्या प्रयोगशाळेतले बीकर पातळ असायचे ते पैसे वाचवायला नव्हे. जाड काच आतून तापते तेव्हा बाहेरून अजून गारच असते. आतला थर फुगायला बघतो, बाहेरचा त्याला धरून ठेवतो आणि त्या ओढाताणीत काच जाते. पातळ काच आरपार लवकर तापते, म्हणून ही ओढाताण कमी. शिवाय बीकरची काच असते बोरोसिलिकेट. ती तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश पसरते. साधे पेले आणि नक्षीची भांडी बहुधा या जातीची नसतात.

आता तुमच्या भांड्यांची परीक्षा. लेबलं पाण्यात भिजवून काढा. गोंदाचा चिकटा राहिला तर तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळा. मग भांडं अंधाऱ्या खोलीत न्या आणि काठावरून टॉर्चचा उजेड आडवा टाका. तडा उजेडात चांदीच्या तारेसारखा चमकतो. काठावरून नख फिरवा, टवका बोटाला आधी कळतो आणि डोळ्याला नंतर. चिनी मातीच्या भांड्यावर हलकेच टिचकी मारा. धड भांडं वाजतं आणि तडकलेलं बोदं बोलतं.

एवढ्यातून उतरलेलं भांडं पाण्यानं भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर ते भांडं मेणबत्तीसाठी बाद. पत्र्याच्या डब्यांना ही चाचणी हवीच, कारण त्यांची शिवण पाणी झिरपू देते आणि वितळलेलं मेण तर पाण्याहूनही चिवटपणे वाट काढतं.

काचेसाठी आणखी एक चाचणी, जरा निर्दयी. टबात टॉवेल घाला, त्यावर भांडं ठेवा, त्यात उकळतं पाणी भरा. पाच मिनिटांनी ते ओता आणि लगेच भांडं गार पाण्यात बुडवा. हातमोजे घालूनच, आणि चष्मा लागत नसला तरी कुणाचा तरी घालून. यात एखादं चांगलं भांडंही जाईल. जाऊ दे. टबात गेलेलं परवडलं. तुमचे दांडीचे पेले बहुतेक इथेच राम म्हणतील. आणि यातून तगले तरी ते वरून जड, खालून नाजूक, धक्का लागला की आडवे. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

चहादाणीही नको. पोट मोठं आणि तोंड लहान असलं की उष्णता आत कोंडते आणि ज्योतीला हवा पुरत नाही. तोंड बुडाएवढं किंवा त्याहून रुंद हवं. लाकडी कटोरा, प्लॅस्टिक, आतून रंगवलेलं काहीही: नाही. झिलई न दिलेली मातीची भांडी मेण पितात. मेण प्यालेली माती म्हणजे भांड्याच्या आकाराची वातच. चिनी मातीच्या झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर तिथूनही मेण आत मुरतं. ती भांडी दिसतात फार छान, म्हणूनच मुद्दाम सांगते आहे.

पत्र्याचे डबे, पाणी न गळणारे, चालतील. फक्त पत्रा तापतो, म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवा आणि जळताना उचलू नका. नवशिक्याला माझ्याकडून पहिली पसंती मात्र जॅमच्या रिकाम्या बरणीला. ती बनवतानाच गरम माल भरण्यासाठी बनवलेली असते. तुमच्या यादीत ती नाही. तुम्हाला ती फार साधी वाटत असणार.

बरणी भरायला मेण किती घ्यायचं? दर वेळी एक तर उरतं नाही तर कमी पडतं. – हिशेबी

जिथपर्यंत मेण हवं तिथपर्यंत बरणीत पाणी भरा, काठाखाली बोटभर जागा सोडून. ते पाणी वजनकाट्यावर मोजा. पाणी 200 ग्रॅम भरलं तर मेण साधारण 170 ग्रॅम घ्यायचं, कारण मेण पाण्याहून हलकं. वासाचं तेल घालायचं असेल तर मेणाच्या सहा टक्के, म्हणजे इथे दहा ग्रॅम. जास्त घातल्यानं वास वाढतोच असं नाही. जादा तेल वर घाम सुटल्यासारखं येतं आणि वात काजळी धरते. नंतर बरणी अगदी कोरडी पुसा. मेणात पाण्याचा थेंब राहिला की वात तडतडते.

मी जुन्या पातेल्यात मेण थेट गॅसवर वितळवते. परवा त्यातून पांढरा धूर यायला लागला. मेण खराब होतं का? – घाईतली

खराब काही नव्हतं. ते पेटायच्या बेतात होतं. आजपासून हे बंद.

पॅराफिन, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीचं मेण, वितळायला साठ-सत्तर अंश सेल्सिअस पुष्कळ होतात. गॅसवर ते बघता बघता दोनशेच्या आसपास जातं आणि तिथे त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. ते उकळताना दिसत नाही, बुडबुडे येत नाहीत, म्हणून आपण बेसावध. मोठ्या भांड्यात चार बोटं पाणी, त्यात तळाला एखादी ताटली आणि ताटलीवर मेणाचं भांडं, अशी मांडणी करा. पाणी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. पाणी आटलं की हा पहारा संपतो, म्हणून तिथून हलू नका. दार वाजलं तर आधी गॅस बंद, मग दार.

आणि पेटलंच तर पाणी मारायचं नाही. पाणी जड, ते मेणाच्या तळाशी जातं, तिथे क्षणात वाफ होऊन पेटतं मेण छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करा, झाकण सरकवा, झाकण काढून डोकावू नका. झाकण मेण वितळायच्या आधीपासून हाताशी हवं. माझं गॅसच्या डाव्या बाजूला असतं.

माझ्या मेणबत्त्या मधेच विहिरीसारख्या खोल जळतात आणि कडेला बोटभर मेण तसंच राहतं. मेण हलक्या दर्जाचं असेल का? – विहिरीतला

मेणाला दोष देऊ नका. वात बारीक आहे, किंवा तुम्ही पहिल्या दिवशी लवकर विझवलीत. बहुधा दोन्ही.

पहिल्यांदा पेटवलेल्या मेणबत्तीचं वितळलेलं तळं काठापर्यंत पोचू द्यायचं असतं. ठोकळ हिशेब असा की भांड्याच्या तोंडाचा व्यास जितके इंच तितके तास. सात सेंटिमीटरच्या बरणीला पावणेतीन तास. अर्ध्या तासात फुंकर मारलीत की तिथे एक वर्तुळ आखलं जातं आणि पुढच्या वेळी ज्योत त्याच वर्तुळात खाली उतरते. झालेली विहीर बुजवायची असेल तर भांड्याच्या तोंडावर अॅल्युमिनियमच्या फॉइलची कड बसवा, मधे ज्योतीपुरती मोकळी जागा ठेवा. उष्णता कडेला वळते आणि तिथलं मेण खाली येतं. जवळच बसून राहा मात्र.

आता वात. हा खरा किचकट भाग आणि लोक यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात. वातीचं काम मेण वर ओढून ज्योतीला पुरवायचं. भांडं रुंद आणि वात बारीक असली तर काठापर्यंत उष्णता पोचत नाही, वात आपल्याच तळ्यात बुडते. वात जाड असली तर ज्योत उंच, काळी शेपटी, आणि भांडं इतकं तापतं की हात लावता येत नाही. जुन्या भांड्याला हे दुसरं जास्त घातक. म्हणून दोन वातींमध्ये मन डळमळलं तर मी बारीक घेते. भांडं नऊ-दहा सेंटिमीटरहून रुंद असेल तर एक जाडजूड वात लावण्यापेक्षा दोन मध्यम वाती अंतर ठेवून लावाव्या.

घरातला शिवणाचा दोरा वळून वात होत नाही का, असं तुमच्यासारख्या तिघांनी विचारलंय. जळतो, पण नीट जळत नाही. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते. फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी 1825 मध्ये अशी वात आणली, तोवर पीळ दिलेल्या वाती होत्या आणि त्यांचं जळकं टोक सारखं कात्रीनं छाटत बसावं लागायचं. वेणीची वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त तापलेल्या भागात जातं आणि जळून संपतं. एवढ्याशा वाकण्यानं कात्री घेऊन उभं राहायचं काम वाचलं. पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापणं मात्र आपल्याच नशिबी आहे.

मी काय करते सांगू? एका आकाराच्या तीन बरण्या घेते, तीन जाडीच्या वाती लावते, तिन्ही एकदम पेटवते आणि दर तासाला वहीत लिहिते: तळं किती रुंद, ज्योत किती उंच, काठ किती गरम. जुन्या बाजारातलं भांडं एकुलतं एक असतं, त्याच्यासारखं दुसरं मिळत नाही. तेव्हा तेवढ्याच तोंडाच्या साध्या बरणीत आधी परीक्षा घ्यायची. सवय प्रयोगशाळेची, जात नाही.

वात लावताना आधी ती वितळलेल्या मेणात बुडवून सरळ ताणून सुकवा, तिच्यातली हवा जाते. खाली पत्र्याची चकती लावा आणि ती भांड्याच्या बुडाला मेणाच्याच थेंबानं चिकटवू नका. तो थेंब पुढे वितळतो, वात तरंगत कडेला जाते आणि ज्योत थेट काचेला लागते. उष्णता सोसणारा गोंद किंवा त्यासाठी मिळणाऱ्या चिकट टिकल्या वापरा. वर कपड्यांचा चिमटा आडवा ठेवून वात मधोमध धरायची.

उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे, मुलांचे मेणाचे खडू आणि संपत आलेलं अत्तर, सगळं एकत्र केलं तर? – काटकसरी

तुकडे चालतील. एका जातीचे एकत्र ठेवा, जुन्या वाती आणि काजळी गाळून काढा. जुन्या वातीत धातूची तार दिसली तर ती कागदावर घासून पाहा; पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ते शिसं. अशी वात पुन्हा कशातही वापरू नका. अमेरिकेनं शिशाच्या तारेच्या वातींवर 2003 मध्ये बंदी घातली, पण जुन्या सामानात जुन्या वस्तूच असतात.

खडू नको. त्यातल्या रंगाचे कण वातीच्या धाग्यांत अडकतात आणि मेण वर चढत नाही. मेणात विरघळणारा रंगच घ्या, चिमूटभर पुरतो. अत्तराच्या बाटलीत बहुधा अल्कोहोल असतं. ते मेणात मिसळत नाही आणि गरम मेणापाशी भडकतं. काटकसर करायचीच तर अत्तर स्वतःला लावा.

थिजल्यावर मधे खड्डा पडतो. – (एवढंच लिहिलं होतं)

पडणारच. पॅराफिन थिजताना आकसतं. थोडं मेण राखून ठेवा, वरची साय धरली की वातीभोवती काडीनं दोन-तीन भोकं पाडा आणि राखलेलं मेण ओता. काचेवर आतून ओले दिसणारे डाग येतात त्याला काही करू नका. मेण तिथे काचेपासून सुटलेलं असतं, बाकी काही नाही. भांडं ओतण्यापूर्वी कोमट करून घेतलं तर डाग जरा कमी येतात.

मी आठवीत आहे. मेणबत्तीत जळतं काय, वात की मेण? वात जळते तर मग मेण का संपतं? – शाळकरी वाचक

अरे वा! या पानावर इतका चांगला प्रश्न बऱ्याच दिवसांनी आला. तुझ्याच प्रश्नावर मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी अख्खी व्याख्यानमाला दिली होती, 1848 मध्ये आणि पुन्हा 1860-61 मध्ये.

जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, वातीतून वर चढतं, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती पेटते. वात मुख्यतः वाट दाखवते. पटत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसव, वारा बंद कर, मेणबत्ती हलकेच विझव आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला दोन-तीन सेंटिमीटर वरून पेटती काडी लाव. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर परत येते. तो धूर म्हणजे थिजायला लागलेली मेणाची वाफ. नंतर गार स्टीलचा पेला क्षणभर ज्योतीच्या बराच वर उपडा धर. आत दव धरेल. मेण जळून पाणी तयार होतं हे तू डोळ्यांनी पाहिलंस असं वर्गात सांग, बाई खूश होतील. ज्योतीच्या पिवळ्या भागात पेला घातलास तर काळा होईल; तो कार्बन, आणि मग पेला तुलाच घासायचाय.

मेणबत्ती संपल्यावर भांडं पुन्हा वापरता येतं का, आणि किती संपेपर्यंत जाळावी? – पुन्हापुन्हा

बुडाशी एक-दीड सेंटिमीटर मेण राहिलं की थांबा. तेवढं मेण भांड्याला ज्योतीपासून वाचवतं. ते संपलं की सगळी उष्णता थेट बुडाला लागते. भांडी बहुतेक वेळा शेवटच्या तासाभरातच तडकतात. एका बैठकीत चार तासांहून अधिक जाळू नका. उरलेलं मेण काढायला भांडं आधी पूर्ण गार होऊ द्या, मग दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. मेण आकसून सुटतं आणि सुरीच्या टोकानं गोळा बाहेर येतो. गोळा पुढच्या वेळच्या डब्यात टाका. मोरीत गरम मेण ओतू नका, ते नळात थिजतं. पुन्हा ओतण्यापूर्वी टॉर्चची आणि कागदाची चाचणी पुन्हा. एकदा तापून आलेलं भांडं पहिल्यासारखं असेलच असं नाही.

आजीचा एक कप आहे, निळ्या फुलांचा. त्याला काठापासून बुडापर्यंत तडा आहे. मला त्यात मेणबत्ती करून रोज संध्याकाळी लावायची आहे. तडा बाहेरून गोंद लावून बुजवला तर चालेल ना? – नात

नाही. गोंद उष्णतेनं मऊ होईल आणि त्या कपाचे खरोखरीच दोन तुकडे होतील. रोज संध्याकाळी काही पेटवायचंच असेल तर त्याच्या बशीला तडा आहे का बघा. नसेल, आणि वर सांगितलेल्या परीक्षा ती उतरली, तर तिच्या मधोमध स्वतःच्या पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती ठेवा. कप शेजारी असू दे. मी त्या फुटलेल्या वाडग्याचं बूड ठेवलं आहे, कडा पॉलिश पेपरनं घासून घेतल्या. त्यात कापलेल्या वातींचे तुकडे आणि काडेपेटी असते.